हिरवी भिंत आणि आपली स्कोअरवही

"शाळेच्या आठवणी नकोत, त्या सगळ्यांकडे आहेत. तुझ्याकडचं काहीतरी लिही," असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी बेसबॉलवर लिहीन असं कळवलं. त्यावर अंगठ्याची एक खूण आणि तीन हसरे चेहरे आले. हसणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. शाळा यात येणारच आहे.

गेल्या दिवाळीत आपल्या बॅचच्या ग्रुपवर एक फोटो आला होता, तुम्हाला आठवत असेल. जुन्या दगडी इमारतीतली खेळाची खोली रिकामी करताना कुणीतरी काढलेला. फाटके नेट, गंजलेला गोळा, लेझमांचा ढीग आणि त्यावर तपकिरी पुठ्ठ्याची एक लांबट वही. वहीवर माझ्या अक्षरात लिहिलंय: 'सॉफ्टबॉल, मुली, १९९३-९४'. त्या खोलीत २००५च्या आणि २०१९च्या महापुराचं पाणी शिरलं, पण वही माळ्यावर होती म्हणून वाचली.

आपल्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ होता हे मुलांच्या लक्षात नसेल. बॅटला आपण स्लगर म्हणायचो आणि अख्ख्या संघात एकच बरा स्लगर होता. नववीत मी निवड चाचणीला गेले. पहिल्या बेसपर्यंत धावताना दोनदा पडले. पी.टी.च्या बाई म्हणाल्या, "तू स्कोअर लिही. तुझं अक्षर चांगलं आहे." त्या दिवशी घरी जाऊन मी रडले होते. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर एवढंच सांगते, की त्या वाक्याचा राग मी जवळजवळ दहा वर्षं धरला आणि तो गेला तो अमेरिकेत, एका स्टेडियममध्ये, एका संध्याकाळी.

वालचंदमधून २००१ साली बाहेर पडले, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि २००३च्या नोव्हेंबरात कंपनीने बोस्टनला पाठवलं. पहिला हिवाळा कसा गेला ते विचारू नका. ऑफिसातले लोक सोमवारी सकाळी ज्या विषयावर बोलत त्यातलं मला काही कळत नसे. आपल्याकडे क्रिकेटवर बोलता आलं नाही तर माणूस जसा चहाच्या टपरीवर एकटा पडतो, तसंच. पुढच्या ऑगस्टमध्ये टीममधल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं. "फेनवेला येतेस का?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले, ते केवळ नाही म्हणायचा कंटाळा आला होता म्हणून.

ग्रीन लाइनच्या गाडीने केनमोर स्टेशनला उतरायचं, गर्दीबरोबर पूल ओलांडायचा, भाजलेल्या सॉसेजच्या वासातून चालत राहायचं. बाहेरून बघितलं तर ते स्टेडियम वाटतच नाही. लाल विटांची जुनी गिरणी वाटते. आत अंधारा, ठेंगणा बोळ. तिथून चढाचा रस्ता वर गेला की एकदम मैदान दिसतं आणि डाव्या हाताला ती भिंत.

या भिंतीला 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणतात, हिरवा राक्षस. उंची ३७ फूट २ इंच. सांगलीकराला फुटांत उंची सांगितली की तो आधी आयर्विन पूल आठवतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. म्हणजे राक्षस इशारा पातळीच्या खालीच आहे. पण होम प्लेटपासून ती भिंत डाव्या कडेला फक्त ३१० फुटांवर आहे. मैदान तिथे वाढवता आलं नाही, कारण मागे लँड्सडाउन रस्ता आहे. जागेचा तुकडाच वेडावाकडा होता. त्यात बसेल तसं मैदान बसवलं आणि जिथे लांबी कमी पडली तिथे उंची वाढवली. आज प्रेमाने ज्या भिंतीचे फोटो काढतात ती मुळात प्लॉटच्या अडचणीतून आलेली तडजोड आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला काय म्हणतो ते इथे लिहीत नाही, पण अशा तडजोडींवर माझं पोट चालतं.

फेनवे पार्क उघडलं २० एप्रिल १९१२ रोजी. पावसामुळे उद्घाटनाचा सामना पुढे ढकलावा लागला होता आणि जेव्हा तो झाला तेव्हा बोस्टनच्या वर्तमानपत्रांत त्याला फारशी जागा मिळाली नाही, कारण पाचच दिवसांपूर्वी टायटॅनिक बुडाली होती. रेड सॉक्सने तो सामना अकराव्या डावात ७-६ असा जिंकला. समोरचा संघ न्यूयॉर्क हायलँडर्स, म्हणजेच पुढे यांकीज नावाने प्रसिद्ध झालेला. भांडण तेव्हापासूनचं. नावाचंही सांगते. 'फेन' म्हणजे दलदल. जवळच मडी नावाची नदी आहे, म्हणजे शब्दशः गढूळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या उद्यान-रचनाकाराने पूर आणि सांडपाणी आवरण्यासाठी तिथल्या दलदलीची बाग केली. तरीही १९९६च्या ऑक्टोबरात ही नदी बाहेर आली आणि केनमोरचं भुयारी स्टेशन पाण्याने भरलं. हे मला कळलं तेव्हा त्या भागाबद्दल उगीच माहेरचा जिव्हाळा वाटला.

त्या पहिल्या संध्याकाळी आमची जागा होती ब्लीचर्समध्ये. म्हणजे मैदानाच्या पार मागच्या बाजूला, डोक्यावर छप्पर नाही, त्यातल्या त्यात स्वस्त. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर पुठ्ठा ठेवून पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते. मी वाकून बघितलं. चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीत एक छोटा शंकरपाळा, त्यात आकडे. ६-४-३.

माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अगंबाई, डबल प्ले!"

ज्यांनी कधी ही वही लिहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. या खेळात प्रत्येक जागेला एक आकडा असतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६ आणि मागचे तिघे ७, ८, ९. म्हणजे ६-४-३ लिहिलं, की शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसकडे दिला, तिथून तो पहिल्या बेसकडे गेला आणि दोघी बाद. आपल्या वहीत बाईंनी हेच शिकवलं होतं. स्ट्राइक आउटला 'के' लिहायचं. फलंदाज बॅट न फिरवता बघत राहिली आणि बाद झाली, तर 'के' उलटा लिहायचा. सांगलीच्या मैदानावर शिकलेली लिपी बोस्टनचा एक म्हातारा लिहीत होता. मी त्यांना एक राहिलेली नोंद दाखवली. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून दुसरी पेन्सिल काढून दिली.

ही लिपी आली कुठून ते नंतर शोधलं आणि गंमत वाटली. धावफलकाचा हा प्रकार रुजवणारा हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडचा, आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त त्याने बेसबॉलमध्ये आणली. 'के' हे 'स्ट्रक' या इंग्रजी शब्दातलं शेवटचं अक्षर. आणि बोस्टनमध्ये १८७१ साली पहिला व्यावसायिक संघ उभा करणारा हॅरी राइट हाही शेफिल्डमध्ये जन्मलेला, पेशाने क्रिकेटपटू, बाप तर क्रिकेट क्लबचा नोकरदार खेळाडूच. तेव्हा बेसबॉल म्हणजे क्रिकेटची नक्कल असं आपल्याकडचे लोक म्हणतात ते काही खरं नाही, पण दोघांचं घर एकेकाळी एकाच वाड्यात होतं एवढं नक्की.

त्या गृहस्थांनी मला बोटाने लांबवर एक खुर्ची दाखवली. ब्लीचर्सच्या सगळ्या हिरव्या खुर्च्यांत ती एकटी लाल. विभाग ४२, रांग ३७, खुर्ची २१. टेड विल्यम्स या रेड सॉक्सच्या सर्वांत मोठ्या फलंदाजाने ९ जून १९४६ रोजी मारलेला चेंडू तिथे, एका प्रेक्षकाच्या गवती हॅटवर आदळला होता. अंतर ५०२ फूट. खेळाडूचा पुतळा कुठेही उभारतात, चेंडू लागलेल्या जागेचं स्मारक मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग त्यांनी, आपण घरच्या दुखण्याबद्दल बोलतो तसं, १९१८ बद्दल सांगितलं.

गोष्ट अशी. १९१८ पर्यंत रेड सॉक्स हा दबदब्याचा संघ. १९१२, १५, १६, १८, चार विजेतेपदं सात वर्षांत. त्यांच्याकडे बेब रूथ नावाचा तरुण होता, पिचर म्हणून आलेला आणि फलंदाज म्हणून धुमाकूळ घालणारा. (१९३२ साली ब्रॅडमन न्यूयॉर्कला गेला तेव्हा ज्याला यांकी स्टेडियममध्ये भेटला, तोच हा.) १९१९च्या डिसेंबरात मालक हॅरी फ्रेझीने रूथला यांकीजना विकलं. त्यानंतर यांकीज जिंकतच गेले आणि रेड सॉक्स जिंकेनात. १९४६, १९६७, १९७५, १९८६, चारदा अंतिम मालिकेत पोचले आणि चारही वेळा सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यात हरले. ८६ साली तर सहाव्या सामन्यात विजय एका स्ट्राइकवर आला असताना हातातून गेला आणि शेवटी साधा सरपटता चेंडू बिल बकनरच्या पायांमधून निघून गेला. याला 'बॅम्बिनोचा शाप' म्हणतात.

"माझे वडील १९१९ साली जन्मले," ते गृहस्थ म्हणाले, "आणि एकही विजेतेपद न बघता गेले."

इतिहासाच्या सरांसाठी एक पुरवणी. बोस्टनमध्ये कुणालाही विचारलं तर तो सांगतो, की शापाची गोष्ट आजोबांकडून ऐकली. प्रत्यक्षात हा शब्दप्रयोग घरोघरी पोचला तो डॅन शॉनेसी या पत्रकाराच्या १९९०च्या पुस्तकामुळे. दंतकथा सत्तर वर्षं जुनी वाटते, पण तिचं वय माझ्यापेक्षाही कमी आहे. सर म्हणायचे, परंपरा म्हटलं की आधी तारीख विचारा. विचारली, सर.

त्या साली ऑक्टोबरात जे झालं ते मी फेनवेमध्ये बसून पाहिलं नाही, तिकिटं मिळणं शक्यच नव्हतं. भाड्याच्या खोलीत, रूममेटबरोबर, छोट्या टीव्हीवर पाहिलं. उपांत्य मालिकेत समोर यांकीज. सातपैकी चार जिंकायचे, आणि रेड सॉक्स पहिले तिन्ही हरलेले. तिसरा तर १९-८ असा. बेसबॉलच्या इतिहासात ०-३ वरून कुणी मालिका जिंकली नव्हती. चौथ्या सामन्यात, १७ ऑक्टोबरला, नवव्या डावाच्या शेवटी फेनवेमध्ये रेड सॉक्स ३-४ असे मागे. पिचर मारियानो रिव्हेरा, शेवटचे डाव बंद करण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही. पहिल्या बेसवर बदली धावपटू म्हणून डेव्ह रॉबर्ट्स आला.

इथे सॉफ्टबॉल खेळलेल्या मुलींना एक फरक सांगायला हवा. आपल्याला चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत बेसवरचा पाय उचलता येत नव्हता. बेसबॉलमध्ये धावपटू आधीच चार पावलं पुढे जाऊन उभा राहतो आणि पिचर त्याला धाकात ठेवायला पहिल्या बेसकडे फेकत राहतो. रिव्हेराने तीनदा फेकलं. रॉबर्ट्स पळणार हे स्टेडियममधल्या सगळ्यांना माहीत होतं, रिव्हेराला, कॅचरला, बोस्टनमध्ये जेमतेम वर्ष काढलेल्या मलासुद्धा. पुढचा चेंडू फलंदाजाकडे गेला आणि तो पळाला. दुसऱ्या बेसवर हात पोचला तो केवळ काही इंचांनी आधी. पुढे बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी आला, बरोबरी झाली आणि रात्री १ वाजून २२ मिनिटांनी, बाराव्या डावात, डेव्हिड ऑर्टिझच्या होमरनने सामना संपला. खालच्या मजल्यावरचे आमचे घरमालक, जे आमच्या कुकरच्या शिट्टीवरही तक्रार करायचे, स्वतःच जिन्यात येऊन ओरडत होते.

पुढचे तिन्ही सामने त्यांनी जिंकले. मग अंतिम मालिकेत सेंट लुइसला ४-० असं हरवलं. शेवटचा सामना २७ ऑक्टोबरला आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ग्रहणात शाप सुटला म्हणायचा. तू काही खाल्लं नाहीस ना?"

त्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसला जाताना मी बसच्या खिडकीतून जे पाहिलं ते विसरले नाही. रस्त्याकडेच्या जुन्या दफनभूमीत थडग्यांवर रेड सॉक्सच्या टोप्या आणि छोटे झेंडे ठेवलेले होते. लोक आपल्या आईबापांना, आजोबांना बातमी द्यायला गेले होते. ब्लीचर्समधले ते गृहस्थही गेले असतील. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं, पेन्सिल मात्र अजून माझ्याकडे आहे.

आई-बाबा २००९च्या उन्हाळ्यात आले तेव्हा त्यांना घेऊन गेले. या वेळी जागा छपराखाली होती, निळ्या लाकडी खुर्च्या, १९३४च्या दुरुस्तीच्या काळातल्या. गुडघे समोरच्या पाठीला टेकतात. बाबांच्या पुढ्यात बरोबर एक लोखंडी खांब आला. "खांबामागं बसवायचे पैसे घेतात?" बाबांनी विचारलं. घेतात, आणि तिकिटावर तसं छापूनही देतात. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आपलं कुणी खेळतं का यात? नेमकं त्याच्या आदल्या वर्षी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं होतं. ते ऐकून बाबांनी पिचरच्या खांद्याकडे नीट बघायला सुरुवात केली. आईचं लक्ष मात्र शेंगांकडे. भाजलेल्या, टरफलासकट, कागदी पुडीत. फेरीवाला चार रांगांवरून पुडी फेकतो आणि पैसे हातोहात मागे जातात. शेंगा झाल्या आणि सगळे टरफलं पायाखाली टाकतात हे पाहून आईला राहवेना. तिने आमच्या रांगेतली टरफलं पिशवीत गोळा करायला घेतली. बाबा म्हणाले, "अगं, टिळकांनी सुद्धा उचलली नव्हती."

त्याच संध्याकाळी मी त्यांना भिंतीवरचा धावफलक दाखवला. तो आजही हाताने चालतो. भिंतीच्या आत माणसं बसतात आणि फटीतून बाहेर बघत आकड्यांच्या पाट्या लावतात. उन्हाळ्यात आत भट्टी, एप्रिलमध्ये बर्फ, आणि स्वच्छतागृह नाही. त्या फलकावरच्या उभ्या पांढऱ्या पट्ट्यांत मोर्सच्या खुणांनी दोन नावांची आद्याक्षरं आहेत, टॉम यॉकी आणि त्याची पत्नी जीन यांची. यॉकीने १९३३ साली संघ घेतला, पडझड झालेलं मैदान १९३४ साली पुन्हा बांधलं. आज आपण पाहतो ते फेनवे बरंचसं त्याचंच. बाहेरच्या रस्त्याला त्याचं नाव होतं.

होतं, असं लिहिलंय. कारण या मैदानाचा दुसराही इतिहास आहे आणि तो मला कळायला बरीच वर्षं लागली. १६ एप्रिल १९४५ रोजी फेनवेमध्ये तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची निवड चाचणी झाली. त्यांतला एक जॅकी रॉबिन्सन. इझाडोर मच्निक या नगरसेवकाने आणि वेंडेल स्मिथ या पत्रकाराने दबाव आणला म्हणून झालेली. तिघेही चांगले खेळले. पण एकालाही बोलावणं आलं नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि खेळाचा इतिहास बदलला. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, घेतला तो १९५९च्या जुलैत. तेव्हाच्या सोळा संघांत सगळ्यांत शेवटी. त्या काळात संघ कुणाच्या मालकीचा होता हे सांगायला नको. २०१८ साली क्लबनेच मागणी केली आणि रस्त्याचं नाव पुन्हा जर्सी स्ट्रीट झालं. भिंतीवरची मोर्सची अक्षरं मात्र आहेत.

मला या चाचणीबद्दल वाचल्यापासून शापाच्या गोष्टीचा थोडा रागच येतो. एक विकलेला खेळाडू ऐंशी वर्षं आठवायचा आणि दारात आलेला, घेतलाच नाही तो विसरायचा, हे सोयीचं आहे. निवड चाचणीला बोलावून परत पाठवलेल्या माणसाचं काय होतं हे मला नववीतल्या एका दुपारीएवढंच माहीत, आणि माझ्या दुपारीला कारण होतं. मी खरंच पडले होते.

आता इमारतीकडे येते. ग्रुपवर दगडी इमारत पाडायची की ठेवायची यावर जे चाललं त्यात पहिली सही माझी होती, 'वारसा वाचवा' या बाजूने. त्यावर आपल्यातल्याच एकीने लिहिलं, "तुला काय, तू तिकडं बसून जुनं जपणार, आमची भाची तिथं वर्गात बसते." ते मला लागलं. दोन दिवस मी ग्रुप उघडला नाही. पण ती चूक बोलली नव्हती.

फेनवेसुद्धा पाडायचंच ठरलं होतं. १९९९ साली तेव्हाच्या मालकांनी शेजारीच नवं स्टेडियम बांधायची योजना जाहीर केली, जुन्याची थोडीफार भिंत आठवण म्हणून ठेवायची. कारणं खोटी नव्हती. खुर्च्या अरुंद, खांब मध्ये, काँक्रीट झिजलेलं. शहरातल्या काही नागरिकांनी 'सेव्ह फेनवे पार्क' अशी संघटना काढली. पण नुसत्या प्रेमाने ते वाचलं नाही. २००२ साली जॉन हेन्री आणि सहकाऱ्यांनी संघ घेतला, त्यांनी जॅनेट मेरी स्मिथ या वास्तुरचनाकार बाईंना आणलं, ज्यांनी आधी बाल्टिमोरच्या स्टेडियमवर काम केलं होतं. त्यांनी आधी पाहिलं की काय टिकतं आणि काय नाही. मग दहा हिवाळे काम चाललं. सामने संपले की ऑक्टोबरात खुर्च्या उचलायच्या, खालचं काँक्रीट दुरुस्त करायचं, पाणी मुरणार नाही असा थर द्यायचा, खुर्च्या परत बसवायच्या, एप्रिलमध्ये दार उघडायचं. २००३ साली राक्षसाच्या डोक्यावरची जाळी काढून तिथे बसायची जागा केली. आज तीच तिकिटं सगळ्यांत लवकर संपतात. एकूण खर्च २८ कोटी डॉलरहून अधिक. २०१२ साली, शंभराव्या वर्षी, ते राष्ट्रीय वारसास्थळांच्या यादीत गेलं. २००३च्या मे महिन्यापासून २०१३च्या एप्रिलपर्यंत त्यांची सगळी तिकिटं विकली गेली, सलग, म्हणजे हे प्रेम परवडतही होतं.

आपल्याकडे २८ कोटी काय, २८ लाख जमवताना आपण कसे घामाघूम होतो ते गेल्या मेळाव्यात पाहिलंय. म्हणून माझं मत अर्धं बदललं आहे. दोन महापुरांत भिजलेल्या भिंतीखाली मुलांना आपल्या आठवणींसाठी बसवू नये. पण पाया आणि भिंती कुणी तपासून, मोजून, कागदावर लिहून दिलेलं मला अजून दिसलेलं नाही. आपल्या बॅचमध्ये तीन सिव्हिल इंजिनिअर आहेत. भांडणाचा निम्मा वेळ त्यांना द्या. तपासणीचा माझा वाटा मी पाठवते. इमारत ठेवता येत नाही असं निघालं, तर सही मागे घेईन.

वही मात्र मी मागून घेतली. जानेवारीत आले तेव्हा व्हरांड्यात बसून पान न् पान पाहिलं. पुठ्ठ्याला वाळवीने एक कोपरा खाल्लाय, बाकी अक्षर शाबूत. बाईंनी लाल पेनाने दुरुस्त्या केल्या आहेत. एके ठिकाणी मी 'के' सरळ लिहिला होता, तो त्यांनी उलटा केलाय आणि शेजारी लिहिलंय, 'ती बघत राहिली.' तेवीस सामने आहेत. शेवटचा सामना जिल्हा स्पर्धेतला, आपण एका धावेने मागे, सातवा डाव, दोघी बाद, दुसऱ्या बेसवर आपली मुलगी. पुढची चौकट रिकामी आहे. पाऊस आला होता की माझी पेन्सिल तुटली होती, मला काही केल्या आठवत नाही. आपण हरलो एवढं आठवतं.

तेव्हा फलंदाजीला कोण होती? मेळाव्याला येताना आठवून या. वही मी आणणार आहे, आणि त्या गृहस्थांची पेन्सिलही.